गच्चीवरचे गृहस्थ

खेळाच्या बाई गच्चीवर चादरी पिळत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर पोलिसांचा ड्रोन घरघरत होता. गेला महिनाभर हे असंच चाललं होतं. भागात सायकली चोरीला जातात म्हणून पोलिसांनी आधी कोपऱ्यावरच्या खांबाला कॅमेरा लावला. सायकली जातच राहिल्या. मग त्यांनी ड्रोन आणला. सायकली अजूनही जात होत्या, पण आता त्या जाताना वरून दिसतात, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

बाईंना लोक अजूनही खेळाच्या बाई म्हणत, कारण उभी हयात त्यांनी मुलींच्या शाळेत कवायत, धावणं आणि गोळाफेक शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्या तरी आवाज आणि दंड दोन्ही शाबूत होते. रागाला तर निवृत्तीचं वयच नव्हतं.

चादरींच्या आड खुर्ची टाकून त्यांची मुलगी बसली होती. तिला घरात चिमी म्हणत. चिमी कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार बोलतील ते शब्दन् शब्द टिपून घ्यायची. गेल्या वर्षी तिला मोठं आजारपण आलं. औषधांनी आजार हटला, पण केस गेले. भुवयाही गेल्या. तेव्हापासून ती घरातसुद्धा डोक्याला रुमाल बांधून वावरायची. बापासमोरही बांधायची. फक्त गच्चीवर, चारी बाजूंनी चादरी वाळत घातल्या की ती रुमाल सोडून मांडीवर ठेवायची आणि वारा डोक्यावर घ्यायची. तेवढा वेळ ती पूर्वीसारखी बडबडायची, कोर्टातल्या वकिलांच्या नकला करायची. बाई रोज चादरी धुवायच्या त्या यासाठीच. मळलेल्या असोत वा नसोत.

पण चादरींच्या भिंती होतात, छत होत नाही.

त्या दिवशी मोठ्या रस्त्यावरून कुणी बडी असामी जाणार होती. त्यासाठी गच्च्या रिकाम्या करायच्या होत्या, हे गच्चीवरच्या कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ड्रोन एकदम खाली आला, त्याच्या पोटातल्या भोंग्यातून खरखर झाली आणि एका पोरगेल्या आवाजात घोषणा सुरू झाली.

"पिवळ्या टाकीची गच्ची. पिवळ्या टाकीची गच्ची. खुर्चीत बसलेल्या टकल्या गृहस्थांनी ताबडतोब खाली जावे."

आजूबाजूच्या गच्च्यांवरची माणसं हे गृहस्थ कोण म्हणून वाकून बघू लागली. पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. चिमीचा हात डोक्याकडे गेला. रुमाल मांडीवरून खाली पडला होता, तो तिला सापडेना.

"पुन्हा सांगतो," भोंगा म्हणाला. "टक्कलवाले काका, तुम्हालाच."

बाईंच्या हातात ओली चादर होती. दुमडून, पिळून घट्ट झालेली, चांगली दंडाएवढी जाड. त्यांनी उजवा पाय मागे रोवला, कमरेत वळल्या आणि सगळ्या अंगाचा जोर लावून ती वर भिरकावली. चादर हवेतच उलगडली आणि ड्रोनला मिठी मारून बसली. आत जरा फडफड झाली. मग दोघंही टाकीला आपटून खाली आली.

बाईंनी मागे वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. खालच्या खोलीच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

जिन्यातून बाईंचे यजमान वर आले. ते पुढच्या खोलीत लोकांच्या कवळ्या बनवायचे, म्हणून त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. स्वभाव असा, की समोरच्याच्या तोंडात नीट बसेल तेवढंच बोलायचं.

"काय पडलं गं?"

"पोलीस."

"पोलीस पडला?"

"त्यांचं यंत्र पडलं. मी पाडलं."

कवळीवाल्यांनी चादरीचं एक टोक उचलून आत पाहिलं आणि परत झाकलं. "सरकारी आहे ते."

"म्हणून तर नेम धरला."

"अगं, आत टाकतील तुला."

"टाकू देत. चिमीने दार लावून घेतलंय. ती बाहेर येईल तेव्हा मला बोलवा, तोवर कुठेही टाका."

कवळीवाले तरीही नवराच होते. त्यांनी ते धूड चादरीसकट खाली नेलं आणि आपल्या खोलीतल्या कपाटात, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेमागे दडवलं. एक पातं तुटलं होतं, एक लाल दिवा लुकलुकत होता. कपाटाचं दार लावून ते वळले, तोच आतून भारदस्त आवाज आला.

"नमस्कार. मी तुमच्या भागाचा इन्स्पेक्टर बोलतोय. घाबरू नका. आमचं तुमच्यावर लक्ष आहे."

कवळीवाले भिंतीला टेकले. हा भोंग्यात भरून ठेवलेला संदेश होता आणि तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप वाजत होता. बंद करायची कळ सापडेना. त्यांनी दात कोरायच्या बारीक हत्याराने एक खाच दाबून पाहिली, तेव्हा आवाज वाढला. मग उशा कोंबल्या. इन्स्पेक्टर उशांमधून बोलू लागला.

एवढ्यात दारात निवृत्त पोस्टमास्तर हजर झाले. त्यांना आज जबड्याचं माप द्यायला बोलावलं होतं आणि दिलेली वेळ चुकवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. परत पाठवायचं तर कारण काय सांगणार? कवळीवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्यात फडकं बांधलं, साच्यात मसाला भरून तो तोंडात बसवला आणि म्हणाले, "घट्ट होईपर्यंत हलू नका. बोलू तर मुळीच नका."

पोस्टमास्तर आज्ञाधारकपणे तोंड वासून बसले. त्यांच्या पाठीमागचं कपाट म्हणालं, "घाबरू नका. आमचं तुमच्यावर लक्ष आहे."

पोस्टमास्तर घाबरले. गळ्यात फडकं, ओठांतून साच्याची मूठ बाहेर आलेली, अशा अवस्थेत ते उठले आणि जिन्याकडे धावले. जिन्यात नेमके पोलीस वर येत होते. पुढे इन्स्पेक्टर, मागे एक कोवळा हवालदार.

"आजोबा, इथे वर कुठे ड्रोन पडलेला पाहिलात का?" इन्स्पेक्टरने विचारलं.

तोच आवाज. मघाशी कपाटात होता, तो आता जिन्यात. पोस्टमास्तरांनी वर बोट केलं, "अं अं अं" म्हणाले आणि भिंतीला घासत निघून गेले. त्यांना पुढे मसाला काढून घ्यायला दुसऱ्याकडे जावं लागलं, पण तो त्यांचा प्रश्न होता.

इन्स्पेक्टर घरात आला तो अगदी सभ्यपणे, बूट कुठे काढू असं विचारत. हवालदार दाराशी उभा राहिला. ड्रोन उडवणारा तोच होता. त्याचे अंगठे सारखे हलत होते, जणू उडवायची कळ अजून हातात आहे.

"बाई, आमचं एक उपकरण या बाजूला उतरलंय."

"उतरलंय की पडलंय?"

"आमच्या भाषेत उतरलंय."

कवळीवाल्यांना भीती वाटली की ते चहा करायचे. त्यांनी सगळ्यांसाठी चहा आणला. हवालदाराने एक कप उचलला आणि माणुसकीने दुसरा त्यांच्यापुढे सरकवला. "काका, हा तुमचा बिनसाखरेचा. तुम्ही वरून घालून घेता ना, खिडकीपाशी."

डॉक्टरांनी कवळीवाल्यांची साखर कधीच बंद केली होती आणि बाईंच्या समजुतीप्रमाणे ती बंदच होती.

"काय म्हणालास?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे कोपऱ्यावरचा कॅमेरा आहे ना, काकू. त्यात तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी येते. तुम्ही भाजीला गेलात की काका डबा काढतात. रोज नाही पण. परवा नव्हता काढला."

"तू गप्प बस," इन्स्पेक्टर म्हणाला.

बाई नवऱ्याकडे वळल्या. नवरा बशीत बघत होता. राग कुणावर काढायचा याची अशी पंचाईत त्यांना कधी झाली नव्हती. लबाडी नवऱ्याची होती, पण ती पोलिसांच्या तोंडून कळावी यात नवऱ्याहून मोठी लबाडी होती.

"कोपऱ्यावरून सायकली जातात त्या दिसत नाहीत तुम्हाला," त्या म्हणाल्या. "यांची साखर बरी दिसते."

"बाई, विषय ड्रोनचा आहे."

"नमस्कार," कपाट म्हणालं. "मी तुमच्या भागाचा इन्स्पेक्टर बोलतोय."

समोर बसलेल्या इन्स्पेक्टरचे ओठ मिटलेले होते. त्याने कपाटाकडे पाहिलं. हवालदारानेही पाहिलं.

"रेडिओ," कवळीवाले म्हणाले.

"रेडिओ नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी कपाट उघडलं, उशा बाहेर फेकल्या, ड्रोन उचलला आणि चहाच्या कपांमध्ये ठेवला. "मी पाडला. चादर मारून. एका फेकीत."

इन्स्पेक्टरचा चेहरा उजळला. आता सगळं सोपं होतं. "सरकारी मालमत्तेचं नुकसान. वर लपवाछपवी. बाई, चौकीत यावं लागेल."

"चला." बाईंनी पायात चपलाही सरकवल्या.

तेव्हा आतल्या खोलीची कडी निघाली. चिमी बाहेर आली. रुमाल कपाळापर्यंत ओढून बांधलेला, डोळे लाल. पण आवाज कोर्टातला होता, सपाट आणि स्वच्छ.

"खटला होईल ना?"

"होईल की. का?"

"मग हा मुद्देमाल आहे. यातलं चित्रण कोर्टात लावावं लागेल. सगळं, मधलं काही न कापता. मी रोज तिथे बसते, मला माहीत आहे. कदाचित मीच टिपून घेईन. 'टकल्या गृहस्थांनी ताबडतोब खाली जावे,' हेसुद्धा टिपावं लागेल. 'टक्कलवाले काका'सुद्धा."

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं. रुमालाकडे, मग भुवयांच्या रिकाम्या जागेकडे. त्याचे अंगठे पहिल्यांदाच थांबले. हातातला कप त्याने इतक्या हळू खाली ठेवला, की बशीचाही आवाज झाला नाही.

इन्स्पेक्टर त्याला दंडाला धरून बाहेरच्या बोळात घेऊन गेला. त्या घराचं दार फुगलेलं होतं आणि नीट लागत नसे. हे पोलिसांना वरून दिसलेलं नव्हतं.

"काय काय आहे त्यात?"

"सगळंच आहे, सर. महिन्याभराचं. पुसायचं कुणी सांगितलं नव्हतं."

"सगळं म्हणजे काय रे?"

"गच्च्या. मागची अंगणं. उघड्या खिडक्या. त्याच फेरीत आपल्या मोठ्या साहेबांचा बंगलाही येतो."

"मग?"

"साहेब सकाळी गच्चीवर नाच शिकतात, सर. एकटेच. मोबाईल कठड्याला टेकवून."

बाहेर इन्स्पेक्टर खाकरल्याचा आवाज आला.

"बरा करतात?"

"नाही, सर."

इन्स्पेक्टर आत आला तेव्हा दुसराच माणूस झाला होता. त्याने ड्रोनकडे लांबूनच, कपाळाला आठ्या घालून पाहिलं. "बाई, आम्ही खात्री केली. हा ड्रोन आमचा नाही."

"त्याच्यावर तुमचं चिन्ह आहे."

"कुणीही रंगवतं हल्ली."

"नमस्कार. मी तुमच्या भागाचा इन्स्पेक्टर बोलतोय."

साखर उघडकीला आल्यापासून कवळीवाले त्या एका 'रेडिओ'खेरीज काही बोलले नव्हते. आता ते नम्रपणे म्हणाले, "आवाज अगदी तुमच्यासारखा आहे, साहेब."

"असतो एकेकाचा गळा सारखा."

बाई तशाच चपला घालून उभ्या होत्या. अटक व्हायला त्या मनापासून तयार झाल्या होत्या आणि आता हे लोक अटकही करीनात. गुन्हा कबूल केला तर म्हणतात, झालाच नाही. मग महिनाभर डोक्यावर फिरत होतं ते काय होतं? चिमीला भर गच्चीत जे म्हणाले, ते कोण म्हणालं?

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला की कवळीवाले दचकले; बाई ओरडल्या की ठीक असायचं, ही पट्टी वाईट होती. "म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस महिनाभर बायकांच्या गच्च्यांवर यंत्र उडवतोय. पोलिसांचं चिन्ह लावतोय, तुमचा आवाज काढतोय. आणि माझ्या आजारातून उठलेल्या मुलीला सगळ्या आळीसमोर..." पुढचं वाक्य सोडून त्यांनी इन्स्पेक्टरपुढे कागद सरकवला. "तक्रार घ्या."

"कुणाविरुद्ध?"

"ते शोधायचं काम तुमचं. संशय कुणावर असं विचाराल तर सांगते." आणि त्यांनी हवालदाराकडे पाहिलं.

इन्स्पेक्टरला तक्रार घ्यावी लागली. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला की हे यंत्र आता आम्ही ताब्यात घेतो. चिमी म्हणाली, घ्या, पण चित्रणासकट मिळालं अशी पोच द्या. तेव्हा तो म्हणाला की राहू दे, तुमच्याकडेच सुरक्षित आहे. जाता जाता मात्र त्याने बाईंवर सूड उगवला. किंवा हवालदारावर, दोघांवरही असेल.

"तुमच्या जिवाला धोका दिसतोय, बाई. संरक्षण देतो. एक माणूस दिवसभर गच्चीवर बसेल. हाच."

बाई नाही म्हणायच्या आत तो जिना उतरून गेला होता.

अशा रीतीने वरून बघणारं यंत्र गेलं आणि गच्चीवर अख्खा माणूसच येऊन बसला. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, "तोंड टाकीकडे. मान वळवायची नाही." हवालदार टाकीकडे तोंड करून उन्हात बसू लागला. तो मान खरंच वळवत नसे, पण त्याचा उपयोग नव्हता. चिमी वर जाईना. चादरी धुवायचंही बंद झालं. शेजारची माणसं मात्र आपापल्या गच्चीवर येऊन पोलीस बघून जात. बाईंचा राग आता त्यांच्यासोबत जेवायला बसत होता आणि ताटावरून उठत नव्हता.

इकडे इन्स्पेक्टरने घेतलेली बाईंची तक्रार वर चढत मोठ्या साहेबांपर्यंत गेली. आपल्या अधिकाऱ्याचा आवाज काढून कुणी तोतया ड्रोन फिरवतोय आणि तो आपल्या बंगल्यावरूनही जात असेल, हे वाचून साहेब हादरले. त्यांनी तोतयाचा छडा लावायला मुख्यालयातून नवा ड्रोन पाठवला. पहिल्याहून मोठा. तो कोण उडवत होतं ते या चौकीतल्या कुणालाच माहीत नव्हतं आणि इथला बंदोबस्त त्या उडवणाऱ्याला माहीत नव्हता.

नवा ड्रोन आला तेव्हा हवालदार जेवायला बसला होता. उकाड्याने शर्ट काढून त्याने टाकीवर टाकला होता आणि नुसत्या बनियनवर डबा उघडला होता. घरघर जवळ आली, डोक्यावर थांबली. तो सरकून बसला. घरघरही सरकली. त्याने डब्यावर हात धरला. मग पाठ फिरवली. मग झाकण लावलं, डबा छातीशी धरला आणि जिना उतरून बाईंच्या दाराशी उभा राहिला.

दार चिमीने उघडलं. वडील आले असतील असं समजून तिने घाईत हातानेच रुमाल आवळला होता. हवालदाराला बघून तिचा हात सैल पडला आणि रुमाल खांद्यावर घसरला. तिने तो उचलला नाही. हवालदाराची नजर उंबऱ्यावर गेली ती तिथेच राहिली.

"ताई, मी इथे जिन्यात बसून जेवू का? वरून कुणीतरी सारखं बघतंय. घास उतरत नाही."

बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. महिन्याभराचं सगळं जिभेवर तयार होतं आणि माणूस समोर आयता उभा होता. पण चिमी आधी बोलली.

"किती वेळ झाला बघतोय?"

"पाचएक मिनिटं."

"पाच मिनिटं," चिमी म्हणाली. नुसतं टिपून घेतल्यासारखं.

"ताई, त्या दिवशी... मला खरंच कळलं नाही. वरून तसंच दिसतं."

"हो. वरून तसंच दिसतं." तिने दारामागची घडीची खुर्ची उचलली. "तुम्ही बसा जेवायला. मी वर चाललेय."

"आत्ता? अहो, तो आहे अजून वर."

"असू दे. गच्ची आमची आहे."

ती तशीच, उघड्या डोक्याने जिना चढू लागली. बाई तिच्या मागे धावल्या. हवालदाराने डबा पायरीवर ठेवला, दाराशी टांगलेली कवळीवाल्यांची काळी छत्री ओढून काढली आणि दोन दोन पायऱ्या गाळत दोघींच्या पुढे गेला. चिमीने खुर्ची मांडेपर्यंत त्याने छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली होती. स्वतः उन्हात, बनियनवर, हात ताठ करून उभा. टाकीकडे तोंड.

घरघर खाली आली. भोंगा खरखरला.

"पिवळ्या टाकीची गच्ची. छत्री धरलेल्या इसमाने छत्री मिटावी आणि ओळख पटवावी."

"मी पोलीस आहे," हवालदार वर बघून म्हणाला.

"बनियनवाल्या इसमाने पोलीस असल्याची बतावणी करू नये. छत्री मिटावी. पुन्हा सांगतो."

पुन्हा सांगायची वेळ आली नाही. हवालदाराने त्या यंत्राला उद्देशून, अंगठे न हलवता, एक शब्द उच्चारला. पोलीस असो वा नसो, कुठल्याही माणसाने दोन बायकांसमोर उच्चारू नये असा. उच्चारल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो लाल झाला आणि बाईंकडे बघू लागला.

शाळेत असल्या शब्दासाठी बाईंनी एकीला सबंध मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. त्या कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"जरा मोठ्याने," त्या म्हणाल्या. "वर ऐकू गेलं नसेल."